मदत हवी आहे: तंजावर एका दिवसात पायी, आई आणि मुलांसोबत

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही तिरुचिरापल्लीला मुक्काम करून एक दिवस तंजावरला जाणार आहोत. सोबत सत्तरीची आई आणि शाळकरी दोन मुलं. गावात शक्यतो पायीच फिरायचं आहे, पण आईचे गुडघे दुखतात.

सकाळी लवकर बृहदीश्वर मंदिर, हे नक्की. राजराज चोळाने बांधलेलं हे मंदिर 1010 साली पूर्ण झालं. दुपारी ते बंद असतं आणि ऊन चढल्यावर अनवाणी फरसबंदीवर चालणं आईला झेपणार नाही. इथे मला मुलांना सर्वांत जास्त काही दाखवायचं असेल, तर तो भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये तो कोरून घेतला. आपल्या भाषेतला एवढा मोठा मजकूर इतक्या दूर दक्षिणेत मुलांनी स्वतः वाचावा, अशी फार इच्छा आहे. प्राकाराच्या (मंदिराभोवतीच्या तटबंदीच्या) नेमक्या कोणत्या बाजूला तो आहे आणि अक्षरं जवळून वाचता येतात का?

नंतर राजवाडा, दरबार हॉल, चोळकालीन कांस्यमूर्ती आणि सरस्वती महाल ग्रंथालय. तिथली मोडी कागदपत्रं सामान्य पर्यटकाला पाहता येतात, की फक्त संग्रहालयाचा भाग खुला असतो?

मंदिर ते राजवाडा वाटेत सावली, बसायला जागा आहे का? की आईसाठी रिक्षाच करावी? दुपारच्या साध्या जेवणाचं ठिकाणही सुचवा. आणि तिथल्या मराठी कुटुंबांपैकी कुणी या समूहात असेल, तर भेटायला आम्हाला मनापासून आवडेल.