मेरी क्यूरींची क्रोशेची रॅगडॉल करतेय, पण त्या वाटतच नाहीत

लोकरवेडी:
नमस्कार मंडळी, नऊ वर्षांच्या भाचीसाठी मेरी क्यूरींची रॅगडॉल विणतेय. पोलोनियम या मूलद्रव्याचं नाव त्यांनी आपल्या मायदेशावरून, पोलंडवरून ठेवलं हे कळल्यापासून ती सारखी त्यांच्याबद्दलच बोलत असते, आणि मलाही त्या लहानपणापासून फार आवडतात, त्यामुळे नुसती गोड बाहुली नकोय, बघताच त्या आठवायला हव्यात. डोकं ६ टाक्यांच्या मॅजिक रिंगपासून (दोरा ओढून घट्ट होणारं सुरुवातीचं वर्तुळ) दर फेरीत ६ वाढवत ४२ पर्यंत नेलंय, मानेला १२ ठेवलेत, धड आणि हातपाय फायबरने गच्च भरलेत. पण मान एका बाजूला कलतेय. आणि चेहऱ्यावर डोळे, पापण्या, ओठ, गुलाबी गाल सगळं केलं तरी कोणीही बाई वाटते. काय चुकतंय?

मुका_खांब:
४२ च्या डोक्याला १२ ची मान पेलणार नाही हो. मानेपर्यंत उसवा आणि १८ वर थांबा, तिथून कमी न करता दोन-तीन फेऱ्या घालून तसंच धड सुरू करा म्हणजे डोकं वेगळं शिवायला लागत नाही, आणि मानेत फायबर दाबून भरा. गच्च भरायचं ते डोकं आणि मान एवढंच. रॅगडॉल लुळी पडली पाहिजे, मांडीवर घेतली की हातपाय लोंबले पाहिजेत, नाहीतर ती साधी अमिगुरुमी, म्हणजे गच्च भरलेलं क्रोशेचं खेळणं होते. तळवे आणि पावलं हलकी भरा, बाकी हातपाय रिकामे, आणि वरचं तोंड चपटं धरून दोन्ही थरांतून मुके खांब (क्रोशेचा साधा आखूड टाका) घालून बंद करा. धडात अगदी थोडं. सुई लोकरीच्या लेबलवर दिलीय त्यापेक्षा लहान घ्या म्हणजे टाक्यांतून फायबर दिसत नाही.

निळी_गुंडी:
मानेचं वर आलंच आहे, मी चेहऱ्याबद्दल बोलते. पापण्या आणि गुलाबी गाल काढून टाका. त्यांचे फोटो बघा, केस मागे बांधलेले पण कपाळावर कुरळ्या बटा सुटलेल्या, नजर गंभीर. डोळ्यांना काळ्या दोऱ्याचे दोन छोटे टाके आणि वर सरळ भुवया बास. केसांना लोकर थोडी उसवून पिंजारा, त्या बटांनीच निम्मं काम होतं. ड्रेस कुठल्या रंगाचा करताय?

लोकरवेडी:
काळा करणार होते, पांढरी कॉलर लावून.

निळी_गुंडी:
काळा चालेल, पण मी गडद निळा करीन. १८९५ मध्ये लग्नात त्यांनी पांढरा गाऊन घातलाच नाही, गडद निळा साधा ड्रेस घेतला, का तर नंतर प्रयोगशाळेत वापरता यावा, आणि पुढे खरंच तो तिथे वापरला. मला तर त्यांचा अख्खा स्वभाव त्या एका ड्रेसमध्ये दिसतो. कॉलर, लेस काही नको. बाह्या मनगटापर्यंत, कंबरेला एक फेरी फक्त मागच्या लूपमध्ये घाला, पुढे राहिलेल्या लूपमधून स्कर्ट विणायचा. भाचीला देताना ही गोष्ट नक्की सांगा.

लोकरवेडी:
अगं किती सुंदर! निळाच करते. हातात रेडियमची नळी द्यायचा विचार होता, अंधारात चमकणारी लोकर मिळते ती वापरू का? घरात दोन वर्षांचं बाळ पण आहे.

मुका_खांब:
वापरा की. ती लोकर उजेड साठवून अंधारात तो सोडते, रेडिएशनशी तिचा काही संबंध नाही. रात्री मेरी आणि त्यांचे पती पियरे प्रयोगशाळेच्या शेडमध्ये जाऊन त्या मंद चमकणाऱ्या रेडियमच्या नळ्या बघत बसायचे, म्हणजे प्रसंगही खराच आहे. फक्त बाळ आहे तर नळी सुटी ठेवू नका, तळव्याला पक्की शिवा, आणि मणी किंवा गुंडी कुठेच नको.

लोकरवेडी:
मान उसवून १८ वर केली, आता डोकं सरळ राहतंय. गाल पण काढले. निळी लोकर घरात होतीच, स्कर्टच्या चार फेऱ्या झाल्यात, बटा पिंजारल्या की फोटो टाकते.