आजीची नव्वदी : पत्रिकेचा मजकूर

बंटी (पुणे): पत्रिकेच्या मागं आजीचा परिचय छापू. बघा: ‘जन्म १ जानेवारी १९३६, महाराष्ट्रातल्या धाराशिव जिल्ह्यात. स्वातंत्र्याचा पहिला झेंडा पाहिलेली पिढी…’

मोठे काका: बंट्या, दोन ओळीत तीन चुका. १ जानेवारी आधारवाल्यानं टाकली, गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या १ जानेवारीच्याच. महाराष्ट्र तेव्हा होता कुठं? निजामाचं राज्य. अन् ४७ च्या ऑगस्टात आपल्याकडं कसला झेंडा? १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, तेव्हा कुठं लागला.

बंटी: मग वय कसं धरलं?

आत्या: रझाकाराच्या साली, निजामाच्या बाजूच्या हत्यारी टोळ्यांचा धुमाकूळ होता तेव्हा, आई धाकट्या मामाला कडेवर घेऊन रात्रीतून हद्दीपल्याड गेली, सोलापूरकडं. पोर पेलत होतं म्हणजे अकरा-बाराची असंल.

सतीशदादा: रझाकार नको बरं का. घरचा कार्यक्रम आहे, राजकारण कशाला?

आत्या: राजकारण कसलं त्यात? आपली माणसं पळाली तेव्हा गुरं सांभाळली शेजारच्या चाचीनं. भारताची फौज आली, त्या पोलीस ॲक्शननंतर त्यांच्यावर वेळ आली, तेव्हा त्यांची लेकरं आपल्या धान्याच्या बळदात लपली. आई दोन्ही एका दमात सांगते. छापायचं तर दोन्ही छापा, नाहीतर काहीच नको.

मोठे काका: बरोबर.

धाकटे काका: आधी हैदराबाद, ५६ ला मुंबई राज्य, ६० ला महाराष्ट्र. बाई नळदुर्गाच्या आसपासच, राज्यंच बदलत गेली. निजामाच्या सात हाली रुपयांना इंग्रजांचे सहा कलदार, हा हिशेब अजून तोंडपाठ आहे तिला. शाळेचं तोंड पाहिलं नाही.

बंटी: महाराष्ट्र झाला तो दिवस आठवतो का विचारा ना.

आत्या: विचारलं. “कवा झाला?” म्हणते 😂 बहात्तरचा दुष्काळ मात्र विचारावा लागत नाही. पाझर तलावावर मातीच्या पाट्या वाहिल्या. घरी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, थापताना तुटायच्या. कामावर सुकडी मिळायची ती स्वतः खायची नाही, पदरात बांधून आणायची.

मोठे काका: ती मीच खाल्ली. तलाव आहे अजून, गाळानं भरलाय.

वहिनी: ९३ राहिलं.

मोठे काका: किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर, विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या आत. आपलं मातीचं माळवद मधोमध तडकलं. आई पुढं कितीतरी दिवस अंगणात पत्र्याखाली झोपायची, आत यायला तयार नाही. मग माळवद उतरवलं अन् पत्रे टाकले. आता उन्हाळ्यात घर भट्टी होतं, ते वेगळं.

बंटी: मग जन्म काय लिहू?

मोठे काका: ‘हैदराबाद संस्थानात, रझाकाराच्या दहा-बारा वर्षं आधी.’ तारीख नको.

आत्या: आईला वाचून दाखवलं. म्हणते तलावाचं आधी घ्या. अन् पत्रिकेत जेवणाची वेळ टाकायची राहिली.