मदत हवी आहे: शब्दघनता मोजताना संयुक्त क्रियापदं कशी धरावीत?

इयत्तेनुसार विज्ञानाच्या उताऱ्यांची शब्दघनता भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांच्या पद्धतीने, म्हणजे आशयशब्द (नाम, क्रियापद, विशेषण असे अर्थ वाहणारे शब्द) भागिले उपवाक्यं अशी काढतोय. ‘पाणी उडून जातं, म्हणून भांडं गार होतं’ यात दोन उपवाक्यं, चार आशयशब्द; घनता 2. ‘बाष्पीभवनामुळे भांड्याचे तापमान घटते’ यात एकच उपवाक्य, घनता 4. इथवर ठीक. पण ‘उडून जातं’ दोन धरले तर पहिली 2.5 होते, आणि ‘घटते’ऐवजी ‘घट होते’ लिहून ‘होते’ मोजलं की दुसरी 5! आशय तोच, आकडा फुगलेला. मी दोन्ही एकेकच धरतो. ‘जो-तो’ रचना जास्त छळते: ‘जो पदार्थ विरघळतो तो द्राव्य’ यातलं ‘जो’चं उपवाक्य अंतर्भूत, म्हणजे दुसऱ्या उपवाक्याच्या पोटातलं, मानून मोजणीतून गाळावं, की स्वतंत्र मोजावं? मराठी उताऱ्यांवर कुणी निकष ठरवलेत का?