उत्तर कोरिया: आत जाऊन किंवा काठावरून काय पाहिलंत?

२०२० च्या जानेवारीत उत्तर कोरियाने पर्यटकांना दारं लावून घेतली. त्याआधी गेलेल्यांनी लिहा. बातम्यांतलं नको, स्वतः पाहिलेलं.

---

सप्टेंबर २०१८. बीजिंगहून रेल्वेने गेलो. सीमेवरच्या सिनउइजूला तपासणीसाठी गाडी थांबली. अधिकाऱ्याने फोनमधले फोटो पाहिले, पुस्तक चाळलं आणि मेतकुटाच्या डब्यावर अडला. पिवळी पूड! चमचाभर तोंडात टाकून दाखवली तेव्हा सुटलो.

प्योंगयांगमध्ये दोन गाइड कायम सोबत. मानसू टेकडीवर किम इल-सुंग आणि किम जाँग-इल या दोन्ही नेत्यांच्या पुतळ्यांपुढे फुलं ठेवून वाकायचं. फोटोत पुतळा डोक्यापासून पायांपर्यंत यायला हवा. माझ्या एका फोटोत बूट कापले गेले होते, गाइडबाईंनी तो तिथेच पुसायला लावला. जरा धास्तीच वाटली. पण त्याच बाईंनी बसमध्ये हळूच विचारलं, "तुमच्याकडे लग्नानंतर मुलगी आईकडे राहायला जाते का?" मी दिवाळी, बाळंतपण सगळं सांगत सुटलो. तेवढ्यात दुसऱ्या गाइडने मागे वळून पाहिलं, आणि बाईंनी लगेच खिडकीबाहेर बोट दाखवलं, "हे र्युगयाँग हॉटेल, १०५ मजले." १९८७ पासून बांधतायत आणि अजून एकही पाहुणा उतरलेला नाही, हे काही बोलल्या नाहीत.

---

प्योंगयांगच्या मेट्रोतले प्रवासी म्हणे पर्यटकांसाठी बसवलेले नट असतात. मी २०१५ ला गेले होते. सरकता जिना संपता संपत नाही, इतकी खोल आहे ती. समोरून वर येणारा एक पोरगा मला बघून आजीच्या मागे लपला. नट असेल तर त्याला बक्षीस द्या!

---

मी २०१४ ला यांगाकडो हॉटेलात राहिलो. नदीतल्या बेटावर आहे, रात्री पाय मोकळे करायला जाणार तरी कुठे? परत येऊन वर्षभर किस्से रंगवून सांगितले. मग २०१६ मध्ये त्याच हॉटेलातला घोषणाफलक काढल्याच्या आरोपावरून ओटो वॉर्मबियर या अमेरिकन विद्यार्थ्याला १५ वर्षांची सक्तमजुरी झाली. पुढच्या वर्षी तो कोमात घरी परतला आणि काही दिवसांत गेला. तेव्हापासून ते किस्से सांगवत नाहीत. आपण मोजलेले युरो कुठे गेले, हेही डोक्यात येतंच.

---

मी फक्त काठावरून. चीनमधलं दानदोंग, दोन देशांच्या सीमेवरची यालू नदी. १९५० मध्ये अमेरिकेने बाँब टाकून पूल तोडला. चीनकडचा अर्धा उरलाय, तिकीट काढून टोकापर्यंत जाता येतं. दुर्बीण भाड्याने घेतली. पलीकडे एक बाई कपडे धूत होती. तिने मान वर करून थेट इकडे पाहिलं. मी दुर्बीण परत दिली, भाड्याचा वेळ अजून शिल्लक होता.