ब्रॉन्झ प्लॅन घ्या नि नोकरी सोडा म्हणे!

रानवारा: काल इथे एकाने लिहिलंय, 'अमेरिकेत नोकरी सोडून धंदा काढायला भीती कसली, नोकरीचा आरोग्य विमा गेला तर मार्केटप्लेसवरून, म्हणजे सरकारी विमा बाजारातून, ब्रॉन्झ (कमी हप्त्याचा) प्लॅन घ्या नि मोकळे व्हा.' डोकंच सणकलं. माझ्या मुलाचं कोपराचं हाड मोडलं. इमर्जन्सीत स्प्लिंट बांधून दिलं, आठवड्यात हाडाच्या डॉक्टरला दाखवा म्हणाले. आमच्या मार्केटप्लेस प्लॅनच्या विमा कंपनीच्या यादीतल्या नऊ डॉक्टरांना फोन केले. एक निवृत्त, दोन नंबर बंद, चौघं हा प्लॅन घेत नाहीत, दोघांना नवीन पेशंट नकोत. पोरगं हात गळ्यात अडकवून बसलेलं. याला विमा म्हणायचं?

ह्यूस्टनकर: नेटवर्क, म्हणजे प्लॅनमधल्या डॉक्टरांची यादी, आधी बघायचं असतं. 2014 च्या आधी टेक्सासात माझ्या बायकोला मधुमेहामुळे कुणी पॉलिसी देईना. आज नाकारता येत नाही. ते विसरू नका.

रानवारा: बघितलं होतं! यादीत ती नऊच्या नऊ नावं होती म्हणून तर प्लॅन घेतला.

गोदाकाठ: आईवडिलांचंही बोला. ग्रीन कार्डवर आणलं, वय 67 आणि 71. 5 वर्षं सलग राहिल्याशिवाय मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी विमा) विकतसुद्धा मिळत नाही, म्हणून मार्केटप्लेस. हप्ता 21 वर्षांच्या पोराच्या तिप्पट.

ह्यूस्टनकर: मग आणलंत कशाला? नाशिकला सुखात होते.

गोदाकाठ: सुखात? बाबा पहाटे न्हाणीघरात पडले. आई दार ठोठावत होती, कडी आतून. शेजारी गावाला गेलेले. दीड तास! पुन्हा असं लिहू नका.

ह्यूस्टनकर: चुकलं माझं, शब्द मागे घेतो. पण पाहुण्यांसाठीचा व्हिजिटर विमा सहसा जुने आजार धरत नाही, मार्केटप्लेसचा धरतो. एवढं तरी माना.

गोदाकाठ: मानलं. तेवढंच. 2026 ला एका माणसाची वर्षाला खिशातून भरायची मर्यादा 10,600 डॉलरपर्यंत जाऊ शकते, दोघांची दुप्पट. नेटवर्कबाहेरचं त्यात धरतही नाहीत.

रानवारा: आणि हप्त्यावरची वाढीव सरकारी सबसिडी 2025 अखेर संपली. कमाई दारिद्र्यरेषेच्या 400 टक्क्यांच्या वर एक डॉलर गेली की मदत बंद. धंदेवाल्याला वर्षाची कमाई आधी कशी कळणार? 2026 पासून अंदाज चुकला तर जास्तीची मदत सगळी परत करायची.

ह्यूस्टनकर: हे मात्र वाईट आहे. माझा टॅक्सवालाही तेच म्हणाला.

रानवारा: कालच्या पोस्टवाल्यांना सांगते, राजीनामा देण्याआधी डॉक्टरांकडे स्वतः फोन करा. कंपनीचं नाव पुरत नाही, प्लॅनचं पूर्ण नाव वाचून दाखवा. मुलाला शेवटी चाळीस मैलांवर डॉक्टर मिळाला, बाराव्या दिवशी.