बुद्धिबळातली किंग्ज गँबिट ही सुरुवात मुलांना शिकवावी का?

हत्तीवाला: ‘किंग्ज गँबिट मुलांना दाखवणारा प्रशिक्षक पालकांचे पैसे उकळतो’, असे काल अडीचघर यांनी येथे लिहिले. ते वाचून राहवले नाही. पांढऱ्याचे प्यादे ई४ या घरात व काळ्याचे ई५मध्ये आल्यानंतर एफ४ खेळून पांढरा प्यादे देतो ते उधळपट्टी म्हणून नव्हे. काळ्याने ते मारले की त्याचे ई५चे प्यादे मध्यातून हटते, डी४ची वाट मोकळी होते आणि किल्लेकोटानंतर (राजा-हत्तीच्या जोडचालीनंतर) हत्तीला एफ ही उभी पट्टी मिळू शकते. मोहरे झटपट बाहेर काढण्याची निकड यातून जशी कळते, तशी पाठ केलेल्या लंडन पद्धतीतून (दुसऱ्या एका सुरुवातीतून) कळत नाही. १८५१चा जर्मन खेळाडू आंदरसनचा गाजलेला ‘अमर डाव’ याच गँबिटचा आहे, हे विसरू नये.

अडीचघर: तो डाव स्पर्धेबाहेरचा, मौजेखातर खेळलेला होता, हेही विसरू नये. आजची इंजिने (बुद्धिबळ खेळणारे संगणक-प्रोग्रॅम) एफ४ पडताच काळ्याला किंचित सरस ठरवतात. शालेय स्पर्धेत मी, मला शिकवल्याप्रमाणे, तिसऱ्या चालीला उंट सी४वर काढला, समोरच्या मुलीने वजीर एच४वर आणून शह दिला, राजा एफ१वर गेला आणि किल्लेकोट कायमचा हुकला. एच१चा हत्ती शेवटपर्यंत जागचा हलला नाही. परतताना वडिलांनी एवढेच विचारले, “तो हत्ती घरीच विसरला होतास का?” आणि अमेरिकी बुद्धिबळपटू बॉबी फिशरने १९६१ साली लेख लिहून हा गँबिट निकालात काढला होता, त्याचे काय?

काळी सोंगटी: फिशरचे नाव घेताना पुढचेही सांगावे. १९६० साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाताच्या स्पर्धेत सोव्हिएत खेळाडू स्पास्कीने त्याला याच गँबिटने हरवले, त्या रागातून तो लेख आला. पुढे १९६३-६४च्या अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धेत फिशर स्वतःच एफ४ खेळला! प्रतिस्पर्धी इव्हान्सने एच४वरून तुमच्यावर आला तोच शह दिला, राजा तुमच्यासारखाच एफ१वर गेला, आणि फिशर जिंकला.

अडीचघर: ती स्पर्धा फिशरने अकरापैकी अकरा गुणांनी जिंकली, तेव्हा तो काहीही खेळला असता तरी चालले असते. शिवाय त्याच्या लेखातला काळ्याने प्यादे डी६वर सरकवण्याचा उपाय तिसऱ्या चालीला घोडा एफ३वर काढणाऱ्यांविरुद्ध होता, म्हणून त्याने स्वतः उंट काढला. स्वतःचे औषध त्याने टाळले, एवढेच यातून सिद्ध होते.

हत्तीवाला: म्हणजे उंटाची चाल खेळण्याजोगी आहे, हे आपण मान्य केलेत. आभारी आहे. मार देल प्लाताला तर काळ्याची स्थिती चांगली होती. फिशर हरला तो पुढच्या चुकीने. आपण हरलात त्याचे खापर तरी दुसऱ्या चालीवर का फोडता?

अडीचघर: मी अकरा वर्षांचा होतो, महाशय, फिशर नव्हतो. एफ४ शिकवायचेच असेल तर अवश्य शिकवा. पण एच४चा शह त्याच तासाला शिकवा. आमच्या सरांनी तो पुढच्या महिन्याच्या फीसाठी राखून ठेवला होता.