मदत हवी आहे : ५ आणि ८ वर्षांच्या मुलांना घेऊन डोंगरावर, कुठे आणि कोणाबरोबर?

कोथरूडची आई
मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५ चा. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी गटाबरोबर निसर्गभ्रमंतीला न्यायचंय. दोन जाहिराती समोर आहेत : एक आतकरवाडीतून सिंहगड, दुसरी लोहगड. दोन्हींवर 'लहान मुलांसाठी सोपा' लिहिलंय. कोणता निवडू? आयोजकांना काय काय विचारून घेऊ?

घसारा
ताई, धाकट्याचा विचार करता लोहगड. आतकरवाडीची वाट पाचशे मीटरहून जास्त उंची चढते, तीही जवळजवळ सलग. शिवाय वाट नेहमी उतरणीवरून जोखावी. मुलं चढताना दमतात आणि उतरताना पडतात. पाय दमलेले असतात, मुरमावर बूट सरकतो, आणि आपल्याला साधी वाटणारी पायरी त्यांच्या गुडघ्याला लागते, म्हणून ती उडी मारतात. उतरताना मोठ्या माणसाने मुलाच्या पुढे, एक पायरी खाली राहायचं. मागून हात धरला की मूल पडताना खांद्याला हिसका बसतो.

लोहगडाला गाडी लोहगडवाडीपर्यंत जाते, तिथून दगडी पायऱ्या. मळवली स्टेशनवरून चालत नेणार असतील तर नको, गड सुरू होण्याआधीच मुलाचे पाय संपतील. विंचूकाटा (गडाची लांब निमुळती सोंड) वरूनच दाखवा, खाली जायला कातळाचा टप्पा उतरावा लागतो. वरच्या तळ्या-टाक्यांपाशी हात सोडू नका.

सोनकी
आयोजकांना विचारायचं ते असं. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार ती लागते. गटात एकूण किती जण? पन्नास जणांची बस असेल तर सरळ नाही म्हणा, पाच वर्षांच्या मुलाला त्या गतीने चालवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तीन मुलांमागे एक मोठा माणूस हवा, आणि सगळ्यांत शेवटी चालणारा माणूस ठरलेला हवा. परत फिरायची वेळ कोणती, हे नक्की विचारा. 'माथा गाठूनच येऊ' हे उत्तर लहान मुलांच्या सहलीत चालत नाही.

वेळेचा हिशोब : या वयात थांबत-बघत तासाला एक किलोमीटर धरा. कोळ्याच्या जाळ्यापाशी वीस मिनिटं गेली तर जाऊ द्या, त्यासाठीच तर नेतोय. सकाळी सातला चालायला लागा, अकराच्या आत खाली.

कुसळ
नोव्हेंबरात गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. विणीचे जाड मोजे ती धरून ठेवतात. गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट बुटावरून खाली सोडा. बूट नवे नकोत, निदान आठ दिवस शाळेत वापरलेले हवेत.

याच दिवसांत खाजकुइलीच्या शेंगा वाळायला लागतात. त्यांच्यावरची खाजरी लव अंगाला लागली तर चोळू नका, पाणीही लगेच नको. आधी चिकटपट्टीने लव उचलून घ्या, मग साबणाने धुवा. कातळावर आग्या मोहोळ दिसलं तर आवाज, धूर, अत्तर काही नको, गप्प मागे फिरा. साप चावला तर आवळून बांधणं किंवा कापणं पूर्ण टाळा, मुलाला न चालवता उचलून आणा आणि १०८ ला फोन करा.

पाणी मुलामागे एक लिटर, शिवाय मीठ-साखरेचं एक पाकीट. मुलाच्या पाठीवर फक्त त्याची छोटी बाटली आणि शिट्टी. चुकलास तर जागचा हलू नकोस, तीनदा शिट्टी वाजव, हे घरीच शिकवून ठेवा.

कोथरूडची आई
खूप आभार. धाकटा मध्येच बसला तर? कडेवर घ्यावं का?

घसारा
पायऱ्यांवर कडेवर घेऊ नका, आपल्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. दर अर्ध्या तासाने भूक लागायच्या आधीच खजूर, चिक्की द्या. बसण्याचं कारण बहुतेक वेळा भूक असतं. दहा मिनिटांनीही उठला नाही तर परत फिरा. आणि आधी एक रविवार पुण्यातल्याच वेताळ टेकडीवर तीन किलोमीटर चालवून बघा, फक्त तिथल्या दगडखाणीच्या कडेपासून लांब. तिथे शेवटपर्यंत आनंदात चालला तर लोहगडाचे पैसे भरा.